खळदकरांची डबल बेल

मंजिरी, अशी जवळ बैस. हे कागद हातात धरून गॅलरीत येरझारा घालू नकोस, आणि तो मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून ये. फोनवर तू कायम घाईत असतेस आणि मला घाईत बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले. सातवी झालेल्या बाईचं लिहिणं आहे, बोलते तसंच लिहिणार. चुका काढायच्या असतील तर पेन्सिलीने काढ आणि भेटलीस की दाखव.

आधी रागावून घेते, मग पुढचं सांगते. तुझ्या सासऱ्यांना पार्किन्सन झाल्याचं कळलं, वाईट वाटलं. पण परवा फोनवर तू मोठ्या कौतुकाने सांगत होतीस, ‘मावशी, आम्ही त्यांना काही म्हणता काही करू देत नाही. घास मी भरवते, बटणं हा लावतो, चालताना दोघं दोन्ही बाजूंनी धरतो.’ अगं, माणूस आहे की विसर्जनाला निघालेला गणपती? तुझा जीव आहे त्यांच्यावर, मला माहीत आहे. पण असल्या जिवाने माणूस खुर्चीला चिकटतो तो चिकटतोच. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. समोरच्या दारात पाहिलंय.

तुला खळदकर भाऊजी आठवतात का? आमच्या कसब्यातल्या बिल्डिंगमधले, जिन्याच्या पलीकडचं दार त्यांचं. तू सुट्टीत यायचीस आणि कठड्यावरून घसरायचीस, तेव्हा खाली उभे राहून जे म्हणायचे, ‘तिकीट दाखवा. नसेल तर परत वर जा आणि पायऱ्यांनी या,’ ते. तू त्यांना जाम घाबरायचीस. बरोबर करायचीस. मीही पहिली दोन-चार वर्षं घाबरत होते.

भाऊजी सिटी बसमध्ये कंडक्टर होते, आणि शेवटी शेवटी स्वारगेटला गाड्या वेळेवर सोडणारे कंट्रोलर. उंच, किडकिडीत, जन्मभर धावत्या गाडीत दांडी न धरता उभं राहिल्यामुळे घरातही पाय जरा फाकवून उभे राहायचे, जणू आत्ता कोणीतरी ब्रेक मारणार आहे. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं, तिकीट काढणारी आणि फुकटी. मंत्री असो की मेहुणा, कोणत्या बाजूचा ते पहिल्या भेटीत ठरायचं, आणि एकदा ठरलं की बदलत नसे. घरी आलेला माणूस फार वेळ बसला की घड्याळाकडे न बघता विचारायचे, ‘तुमचा स्टॉप कोणता?’ नलूताई, म्हणजे त्यांची बायको, कानकोंड्या व्हायच्या. म्हणायच्या, ‘अहो, चहा व्हायचाय त्यांचा.’ तर भाऊजी म्हणायचे, ‘टर्मिनसला मिळतो चहा.’

एक गोष्ट त्यांनी कधी सहन केली नाही. ती म्हणजे गाडीतल्या घंटीच्या दोरीला प्रवाशाने हात लावणं. तुम्हा आताच्या मुलांना ती दोरी माहीत नसेल. छताखालून पार ड्रायव्हरपर्यंत गेलेली असायची. एकदा ओढली की गाडी थांबणार, लागोपाठ दोनदा ओढली की निघणार. दोनदा म्हणजे डबल बेल. एकदा एका बड्या गृहस्थाला उतरायची घाई झाली आणि त्याने स्वतःच दोरी ओढली. गाडी थांबली. भाऊजी शांतपणे खाली उतरले, बॅग सावरून फुटपाथवर उभे राहिले आणि म्हणाले, ‘दोरी तुम्ही ओढलीत, आता गाडी तुमची. तिकिटंही तुम्हीच फाडा.’ सगळी गाडी त्या गृहस्थावर तुटून पडली. त्याने माफी मागितली तेव्हा हे चढले आणि डबल बेल दिली. आमच्या ह्यांनी तो प्रसंग त्याच गाडीत बसून पाहिला होता. घरी येऊन हसता हसता सांगत होते, ‘शेजार जपून करा, माणूस अवघड आहे.’

आता ऐक, आजार कसा आला ते. भाऊजी रिटायर होऊन थोडे दिवस झाले असतील. उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर घासायला लागला. बसले असले, वर्तमानपत्र वाचत असले की बोटं आपली चाललेली. आम्ही सगळे हसायचो. नलूताई म्हणायच्या, ‘रिटायर झाले, पण तिकिटं अजून फाडतायत.’ मुलगा मिलिंद तेव्हा नुकता कॉम्प्युटरच्या नोकरीला लागला होता. तोही मित्रांना सांगायचा, ‘बाबा अजून ड्यूटीवर आहेत.’ भाऊजींनाही तसंच वाटत होतं. जन्मभर तिकिटाच्या गठ्ठ्यावरून एकेक कागद सोडवणारी बोटं ती, त्यांना आराम करायची सवय नाही, असं. कंडक्टरच्या घरातच होईल अशी चूक. दुसऱ्या कोणाचं बोट असं हललं असतं तर आठ दिवसांत डॉक्टरकडे नेलं असतं. ह्यांची बोटं तिकिटं फाडत राहिली आणि आम्ही कौतुक करत राहिलो. पाय घासत चालायला लागले तेव्हा कुठे नेलं. डॉक्टरांनी हात वाकवून पाहिले, चालवून पाहिलं आणि म्हणाले, कंपवात. पार्किन्सन.

घरी आले तर जिन्यात मीच भेटले. मी विचारलं, ‘काय म्हणाले डॉक्टर?’

‘एक फुकट्या चढलाय,’ भाऊजी म्हणाले. ‘उतरवता येणार नाही म्हणतात. शेवटच्या स्टॉपपर्यंत येणार.’

‘मग हो आता?’

‘मग काय. येऊ दे. पण खिडकीची जागा देणार नाही त्याला.’

तेव्हापासून आजाराचं नाव फुकट्या. पार्किन्सन हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नाही. कोणी उच्चारला तर असं बघायचे की समोरच्याने एखाद्या गल्लीगुंडाचा पत्ता विचारलाय. आणि मंजिरी, मला त्यांचं तेच आवडलं. कोणी आजाराची पूजा मांडतं, कोणी त्याला घाबरतं. ह्यांनी त्याला फक्त तुच्छ मानलं, आणि तुच्छ मानून त्याची पूर्ण व्यवस्था लावली. फुकट्याला फार भाव दिला की तो डोक्यावर बसतो, आणि लक्षच दिलं नाही तर पाकीट मारतो, असं त्यांचं म्हणणं.

व्यवस्था कशी, ते नीट वाच, तुझ्या कामाचं आहे. गोळीला ते ‘गाडी’ म्हणायचे. गोळी घेतली की लगेच हातपाय सुटत नाहीत, थोडा वेळ जातो. तोवर खुर्चीत बसून राहायचे. नलूताईंनी अंघोळीला उठा म्हटलं की उत्तर यायचं, ‘गाडी लागली नाही अजून.’ मग एकदम अंगात सैलपणा यायचा, चेहरा जरा उजळायचा, म्हणायचे, ‘लागली.’ की उठून अंघोळ, दाढी, कपडे, दूध आणायला चौकात जाणं, सगळं त्या गाडीत बसवायचं. गोळीच्या वेळेला दूध आणि वरण नको असं डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यानं गोळीचा जोर कमी पडतो. नलूताईंनी वरण संध्याकाळवर ढकललं. मुलीच्या लग्नानंतर जावयाच्या पहिल्या सणाला सकाळी पुरण होतं, तर भाऊजी पंगतीत भाजी-भात खात बसले. जावई म्हणाले, ‘बाबा, एक दिवस चालतं.’ भाऊजी म्हणाले, ‘तुम्हाला चालतं. मला नंतर चालायचं असतं.’

रात्री कूस बदलता येईना. गादी जणू धरून ठेवायची. नलूताईंनी आपलं लग्नातलं रेशमी पातळ काढलं, जुनं झालं होतं, आणि कमरेखाली आडवं अंथरलं. त्यावरून अंग सरकतं. खुर्चीच्या पायाखाली लाकडी ठोकळे घातले, म्हणजे उठायला सोपं. शर्टाची बटणं तशीच ठेवून मागून चिकटपट्टी शिवली, बाहेरून शर्टाचा शर्ट. चहा जड पितळी पेल्यात, तोही अर्धा. ताटाऐवजी उंच काठाची परात. परात बघून एक पाहुणी म्हणाली, ‘ह्यात जेवता?’ तर भाऊजी म्हणाले, ‘नाही, कणीक मळतोय.’ आणि जेवत राहिले. भात सांडायचा, पुसायचे, पुन्हा घ्यायचे. सगळ्यांचं जेवण उरकून ताटं घासून झाली तरी ते जेवत असायचे. पण घास त्यांचा त्यांनी घेतला. तू ऐकतेस ना?

आवाज बसत चालला होता, तेव्हा डॉक्टर म्हणाले मोठ्याने बोलत जा. काय बोलायचं? भाऊजी सकाळी गॅलरीत उभे राहून स्टॉप पुकारायला लागले. ‘शनिवारवाडा, मंडई, स्वारगेट, पूलगेट, फातिमानगर, वैदवाडी.’ सगळी गल्ली जागी. पहिल्या दिवशी खालचा दुकानदार वर बघत म्हणाला, ‘काका, गाडी कुठंय?’

‘तुम्ही दुकान उघडता त्याच्या आधी जाते,’ भाऊजी म्हणाले.

वैदवाडीला ते थांबायचे. पुढे हडपसर येतं, पण ते पुकारायचे नाहीत. का, ते सांगते.

मिलिंदचं चांगलं चाललं होतं. तेव्हा कॉम्प्युटरवाल्यांना पंख फुटले होते, आपल्या इथली पोरं अमेरिकेला जाऊन येत होती आणि आल्यावर आम्हाला हवेत कसा धूर आहे ते सांगत होती. मिलिंदने हडपसरला फ्लॅट घेतला. शेतं गेली तिथे मोठमोठे टॉवर आले होते, त्यातल्या एका टॉवरमध्ये. त्याला वाटायचं आई-बाबांनी तिकडे यावं. मुलगा वाईट नाही हं, उगाच वाईट म्हणणार नाही. पण त्याला बापाचा आजार म्हणजे ऑफिसातलं काम वाटायचं, एकदा नीट सोडवलं की फाईल बंद. दर भेटीला काहीतरी वस्तू घेऊन यायचा. गोळीच्या वेळेला किंचाळणारं घड्याळ आणलं. भाऊजींनी ते पिठाच्या डब्यात ठेवलं. ‘जन्मभर घड्याळांना मी वेळ सांगितली,’ म्हणाले.

भाऊजी एक-दोनदा घरात पडले, तशी शेवटी मिलिंदने स्पष्ट सांगितलं, ‘बाबा, आणखी एकदा पडलात तर मी काही ऐकणार नाही. हडपसर.’

भाऊजी म्हणाले, ‘ठरलं.’

एवढंच त्या घरात पणाला लागलं होतं बघ. आपल्या पायांनी दाराबाहेर जायचं आणि आपल्या पायांनी परत यायचं. बाकी काही मागणं नव्हतं त्या माणसाचं.

आणि पाय तर दारातच अडायचे. फुकट्याची ही सगळ्यात हलकट खोड. माणूस चांगला चालत येतो, आणि उंबऱ्याशी आला की पाय जमिनीला चिकटतात. पुढे वाकतो, पण पाऊल उचलत नाही. एक दिवस असेच दारात खिळले होते. नलूताई मागून म्हणतायत, ‘चला ना हो, चला ना.’ मी माझ्या दारातून म्हणतेय, ‘भाऊजी, हळू.’ आम्ही दोघी जितकं बोलू तितके पाय जास्त रुतायचे. तेवढ्यात खाली गॅसवाला आला आणि वर्दी द्यायला त्याने पान्याने सिलिंडरवर दोन टोले दिले. टण् टण्. भाऊजींचा पाय उचलला. सरळ उंबरा ओलांडून माझ्या दारापर्यंत आले.

आम्ही दोघी बघत राहिलो. भाऊजींचा चेहरा तोवर हलेनासा झाला होता, पण डोळ्यांत असं समाधान होतं, जणू ऐन गर्दीत लपलेला फुकटा सापडलाय.

‘डबल बेल,’ ते म्हणाले. ‘बेलशिवाय गाडी हलत नाही, हे मला कळायला हवं होतं.’

नलूताई म्हणाल्या, ‘मी वाटीवर डाव वाजवत जाईन.’

‘तू कशाला? कंडक्टर कोण आहे?’

दुसऱ्या दिवशी सायकलवाल्याकडून काठीच्या मुठीला घंटी बसवून आणली. पाय अडला की अंगठ्याने ट्रिंग ट्रिंग, आणि निघाले. खालच्या शहाबादी फरश्यांचे सांधे त्यांनी पाठ केले होते, एका सांध्यावरून दुसऱ्या सांध्यावर पाऊल. घंटी आणि सांधे. चौकात जायचे, दूध घ्यायचे, यायचे. लोक हसायचे. भाऊजी त्यांच्याकडे बघायचे देखील नाहीत.

आता त्या दया करणाऱ्यांबद्दल लिहिते. लिहू नये, पण माझ्याने राहवत नाही. ही जात मला अगदी नकोशी आहे. त्यांचे एक मावसभाऊ यायचे, रुमाल हातात घेऊनच दारात. ‘काय होतास रे तू वसंता, काय झालं रे तुझं,’ असं भाऊजींना त्यांच्या तोंडावरच. भाऊजी शांतपणे म्हणायचे, ‘पुढे सरका, मागच्यांना रडायला जागा द्या.’ एक बाई कसलासा रस घेऊन यायच्या आणि स्वतःच त्याची चव घेऊन तोंड वाकडं करायच्या. एकाने तर भाऊजींचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत तीनदा पूर्ण केलं, तीनही वेळा चुकीचं. भाऊजी म्हणत होते, ‘मला... मला...’ आणि हा म्हणतोय, ‘पाणी? झोपायचंय? बाथरूमला?’ शेवटी भाऊजींचं वाक्य संपलं. ते होतं, ‘मला वाटतं तुमचा स्टॉप गेला.’

ह्या सगळ्यांत वरचढ म्हणजे उपासनी. रोज पहाटे पांढरे बूट घालून फिरणारे, समोर दिसेल त्याला आरोग्यावर चार शब्द सांगणारे. एक दिवस भाऊजी दूध घेऊन परत येत होते. अडले होते, घंटीवर अंगठा ठेवत होते. उपासनींनी मागून येऊन त्यांचा दंड धरला आणि ‘अहो खळदकर, एकटे कुठे’ म्हणत पुढे ओढलं. पाय जागेवर, धड पुढे. पडले. मनगट मोडलं. दूध रस्त्यावर. आणि उपासनी महिनाभर पेठेत सांगत फिरत होते, ‘बरं झालं मी तिथे होतो.’

मी एकदा जिन्यात गाठून त्यांना म्हटलं, ‘तुम्ही नसता तर ते घरी पोचले असते.’ त्यांना ते समजलंच नाही. अशा लोकांना काही समजत नाही, हाच त्यांचा निरोगीपणा.

ठरल्याप्रमाणे भाऊजी हडपसरला गेले. तक्रार केली नाही. ठरलं म्हणजे ठरलं. ज्या सकाळी निघाले त्या सकाळी गॅलरीतून स्टॉप पुकारले, आणि वैदवाडीनंतर थोडं थांबून ‘हडपसर गाडीतळ’ असं म्हणाले. गल्लीत कोणी हसलं नाही.

महिनाभराने मी भेटायला गेले. स्वारगेटहून बस पकडून. टॉवर काय, लिफ्ट काय, खाली वॉचमन काय, वहीत माझं नाव लिहून घेतलं. दार उघडलं तर मिलिंदने घातलेली फरशी, मंजिरी, पांढरीशुभ्र, दाराच्या आतल्या बाजूपासून पार खिडकीपर्यंत, कुठे एक सांधा दिसेल तर शपथ. आरशासारखी. त्याने सगळ्यात भारी निवडली होती, बाबांना ठेच लागू नये म्हणून. ज्या सांध्यांवर पाऊल टाकून तो माणूस चालत होता, तेच मुलाने हौसेने मिटवून टाकले.

आणि त्या पांढऱ्या फरशीवर लाल चिकटपट्ट्या मारल्या होत्या. आडव्या, हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून संडासाकडे. भाऊजी त्यावरून पट्टीला पट्टी ओलांडत माझ्याकडे आले.

नलूताई हळूच म्हणाल्या, ‘मी मारल्या. मिलिंद इतका चिडला. ऑफिसातून आला आणि दारातच उभा राहिला. म्हणाला, बाबा, हे काय केलंत?’

‘मग?’

‘झेब्रा क्रॉसिंग,’ भाऊजीच म्हणाले. आवाज फार बारीक झाला होता, पण शब्द तेच. ‘पादचाऱ्यांचा हक्क आहे.’

त्या दिवशी मिलिंद कामावर होता. चहा झाला, पितळी पेला तिथेही होता. नलूताईंनी मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं की मिलिंदने चाकाची खुर्ची आणलीय आणि खाली वॉचमनकडे ठेवलीय. बाबा एकटे गेटबाहेर दिसले तर त्यात बसवून परत आणायचं. आणि एकदा असं आणावं लागलं की दिवसभराचा माणूस ठेवायचा, मग खाली उतरणंही त्याच्याबरोबर, खुर्चीतून. ‘त्याला काळजी वाटते हो,’ नलूताई म्हणाल्या. काळजी या शब्दाचा मला तेव्हा उबग आला होता.

मी निघाले तशी भाऊजींनी काठी घेतली. ‘गाडी लागलीय माझी,’ म्हणाले. ‘वहिनींना स्टॉपवर सोडून येतो.’

नलूताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. त्यांना हे माहीत होतं आणि मलाही, की हा फेरा आपल्या पायांनी पुरा झाला तर झाला, नाहीतर ती खुर्ची.

‘अहो, जाऊन या,’ नलूताई म्हणाल्या. बरोबर निघाल्या नाहीत. त्या बाईचं मला तेव्हापासून फार अप्रूप आहे.

आम्ही गेटबाहेर पडलो. वॉचमन स्टुलावरून उठला. मी बरोबर आहे हे पाहून पुन्हा बसला, पण नजर ठेवून. स्टॉप समोरच होता. भाऊजी चालत होते, मध्ये एकदा अडले, ट्रिंग ट्रिंग केलं, निघाले. बस आली तेव्हा मला म्हणाले, ‘दांडीला धरा. बायका दांडीला धरत नाहीत आणि मग ब्रेकला नावं ठेवतात.’

मी चढले, मागच्या बाजूला खिडकीपाशी बसले. कंडक्टर पुढे कोणा बाईच्या गाठोड्यावरून वाद घालत होता, त्यामुळे गाडी उभीच. खिडकीतून पाहिलं. भाऊजी वळले होते, गेटकडे तोंड, माझ्याकडे पाठ, आणि अडले होते. बसमधून उतरलेली माणसं दोन्ही बाजूंनी त्यांना घासून जात होती. पुढे वाकले होते. अंगठा घंटीवर होता. मला स्पष्ट दिसत होता. पण तो दाबला जात नव्हता. फुकट्याने शेवटी बेलवरच हात टाकला होता. आणि गेटमधून वॉचमन ती खुर्ची ढकलत निघाला होता, मोठ्या लगबगीने, चांगलं काम करायला मिळालेल्या माणसाच्या चेहऱ्याने.

हाक मारली असती तर पाय आणखी रुतले असते. खाली उतरून धरलं असतं तर मी आणि उपासनी एकच. मी उभी राहिले आणि डोक्यावरची दोरी ओढली. दोनदा.

गाडी आणि भाऊजी एकदमच हलले.

‘ओ आजी,’ कंडक्टर पुढून ओरडला, ‘बेल कुणी मारली? तुमच्या घरची गाडी आहे का?’

मी म्हटलं, ‘मारली मी. आता ओरड नंतर, मला बघू दे.’

मागच्या काचेतून दिसत होतं. भाऊजी पाऊल टाकत चालले होते, पाय जरा फाकवून, जणू कोणीतरी ब्रेक मारणार आहे. मागे वळून पाहिलं नाही. वॉचमन समोर येऊन उभा राहिला, काहीतरी म्हणाला. भाऊजी त्याच्या बाजूने निघून गेले. मग वॉचमन ती रिकामी खुर्ची उलटी फिरवून त्यांच्या मागून ढकलत निघाला, आणि दोघे त्या क्रमाने गेटातून आत गेले. पुढे कंडक्टर आणि मागे त्याची रिकामी गाडी. मग वळण आलं.

मला ते असे दिसले ते शेवटचे. पुढे माझा गुडघा, तिकडचं अंतर, आणि मग त्यांचा न्यूमोनिया, सगळं एकात एक आलं. पण त्या दिवशी मी घरी पोचते तो नलूताईंचा फोन. म्हणाल्या, ‘ह्यांचा निरोप आहे. वहिनींना सांग, प्रवाशांनी दोरीला हात लावायचा नसतो. ह्या वेळी ताकीद देऊन सोडलंय.’

त्यांची घंटीची काठी नलूताईंनी नंतर मला दिली. माझ्या दारामागे आहे, आणि घंटी मी आठवड्याला तेल घालून ठेवते. तर आता तू असं कर, सासऱ्यांना घेऊन लवकर ये, ह्या रविवारीच ये. कारने नको, बसने या, त्यांना चढायला लागेल तितका वेळ लागू दे आणि मागच्यांनी कुरकुर केली तर करू दे. जिन्यात त्यांना धरू नकोस. तू आधी वर ये आणि माझ्यापाशी गप्प बसून राहा. आमच्या दाराच्या फरशीला चांगले ठसठशीत सांधे आहेत, आणि उंबऱ्याशी अडले तर मी आतून घंटी वाजवीन.